प्रकल्प नोंदी: मार्केट यार्डातले दोन फोन आणि तात्यांचा तिसरा

२९ मार्च २०२५, शनिवार

विषय एकदाचा पास झाला. एमसीएचं शेवटचं सेमिस्टर, सगळे ॲप बनवतायत आणि मॅडमनाही वाटत होतं की मीही काहीतरी ॲपच करावं, पण मला हेच करायचं होतं, अँड्रॉइड आणि आयओएस (आयफोनची सिस्टिम) यातलं रोजच्या वापराला कुठलं सोपं जातं ते बघायचं, आणि तेही कॉलेजच्या एसी लॅबमध्ये नाही तर मामांच्या अडत दुकानात, सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीचा सीझन चालू असताना. यूट्यूबवर दोन्हींची तुलना करणारे व्हिडिओ ढिगानं आहेत पण सगळे कॅमेरा आणि प्रोसेसरवर, हळदीनं भरलेल्या हातानं लॉक उघडतं का हे कुणी बघितलेलं मला तरी सापडलं नाही.

फोन दोन. आयफोन १३ मावसभावाकडून महिन्याच्या बोलीवर आणलाय, अँड्रॉइड १४ वाला माझा स्वतःचा. माणसं पाच: मामा, मामी, दुकानातले दिवाणजी, पॉलिशवाल्या मावशी आणि हमाल तात्या. पाच कमी वाटतील म्हणून मॅडमना जेकब निल्सन या वापरसुलभतेच्या अभ्यासकाचा दाखला दिला, पाच जणांवर चाचणी घेतली तरी बहुतेक अडचणी वर येतात असं त्यानं २००० सालीच लिहून ठेवलंय.

मोजायचं काय, तर आयएसओ ९२४१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या ११व्या भागात तीन गोष्टी आहेत, परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान. माझ्या वहीत मी त्या अशा लिहिल्या: काम झालं का, किती वेळात झालं, आणि माणूस वैतागला का.

३० मार्च, रविवार

पाडवा. दुकानात पूजा होती. मामांनी वजनकाट्याला हळदकुंकू वाहिलं आणि मग टेबलावरच्या दोन्ही फोनांनाही बोट टेकवलं. काम उद्यापासून.

२ एप्रिल, बुधवार

आजची नोंद मोठी आहे. आयफोनला १८.४ चं अपडेट आलं, परवाच निघालंय, आणि भाषेच्या यादीत मराठी आली! म्हणजे मराठीत टाइप करता येत होतंच पण अख्खा फोन मराठीत हा आत्ता झाला. अँड्रॉइडमध्ये मराठी ५.० पासून आहे म्हणजे २०१४ पासून, मधली दहा अकरा वर्षं मामीसारख्या बाईला आयफोन हातात दिला असता तर इंग्रजी किंवा फार तर हिंदी वाचावी लागली असती. मी दुकानात बसूनच बदललं आणि मामीला हाक मारली.

मामी सातवी शिकलेल्या, बचत गटाचं वहीखातं त्याच लिहितात, वाचन चांगलं आहे. त्यांनी दोन्ही फोन शेजारी ठेवून सेटिंग्ज वाचून काढल्या, अगदी पेपर वाचतात तशा. अँड्रॉइडवर "अनुमती द्या" आलं तेव्हा थांबल्या. "अनुमती म्हंजे परवानगीच न्हवं? मग परवानगी लिहायला काय झालं?" बरोबरच आहे त्यांचं. मराठी आहे म्हणजे कळेल असं नाही, ती कुठली मराठी आहे हेही बघायला लागतंय. दोन्ही फोनात पुस्तकी शब्द भरपूर आहेत आणि मामी तिथं तिथं अडकल्या, मी वहीत शब्दांची वेगळी यादी सुरू केली.

पण खरी गंमत अंकांची. माझ्या अँड्रॉइडवर मराठी लावल्याबरोबर घड्याळाचे आकडे पण मराठी झाले, १०:४५ असे. आयफोनवर लॉक स्क्रीनच्या घड्याळासाठी देवनागरी अंक वेगळे निवडता येतात. मामी बघतच राहिल्या. म्हणाल्या, "हे कॅलेंडरासारखं झालं की गं, चष्मा नसला तरी कळतंय." भिंतीवरच्या कॅलेंडरवर आयुष्यभर तेच आकडे बघितलेत त्यांनी, डोळ्याला सवय आहे. मी सहा महिने यूजर इंटरफेस शिकले आणि अंकाची लिपी हा मुद्दा माझ्या चेकलिस्टमध्ये नव्हताच. आज घातला, पहिल्या नंबरला.

४ एप्रिल, शुक्रवार

लॉक उघडणे. ही चाचणी पॉलिश युनिटमध्ये घेतली, यार्डापासून जवळच आहे. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, शिजवून वाळवलेली हळद मोठ्या ड्रममध्ये फिरवतात, वरची साल घासून निघते आणि मग ती पिवळीधमक दिसते, आणि तिथं हवेतच हळद असते. बायका डोक्यावरून तोंडावर ओढणी घट्ट बांधून बसलेल्या असतात, फक्त डोळे दिसतात.

मावशींच्या बोटाचा ठसा आधी घरी स्वच्छ हातानं नोंदवून घेतला होता. युनिटमध्ये दहा वेळा लावला, तीनदा लागला. कारण समजून घेतलं तर साधं आहे, अँड्रॉइडच्या बाजूच्या बटणातला सेन्सर बोटावरच्या रेघा आणि त्यांच्या मधल्या खाचा यांच्यातला विजेचा बारीक फरक मोजतो, खाचांत हळद भरली की फरकच उरत नाही. त्यात मावशींची बोटं वर्षानुवर्षं हळकुंडं निवडून घासलेली. "रेशनच्या मशीनवर पण माझा अंगठा लागत न्हाई," म्हणाल्या, आणि हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, जसं काही त्यांच्याच अंगठ्याची चूक आहे. मला ते ऐकून फार वाईट वाटलं.

मग आयफोन. फेस आयडी चेहऱ्यावर न दिसणारे तीस हजारांवर इन्फ्रारेड ठिपके टाकून चेहऱ्याचा उठाव वाचतो, २०१७ च्या आयफोन टेनपासून ही पद्धत आहे. ओढणी बांधलेली असल्यावर काही केल्या उघडेना. दोन्ही फोन नापास असं लिहिणारच होते, पण घरी आल्यावर आठवलं की मास्क घालून उघडायची सेटिंग आहे, करोनानंतर मार्च २०२२ मध्ये आयओएस १५.४ बरोबर आली, आयफोन १२ आणि त्यापुढच्यांना चालते, फक्त डोळ्यांभोवतीचा भाग बघते.

५ एप्रिल, शनिवार

सेटिंग चालू करून परत गेले. दहापैकी नऊ वेळा उघडला. मावशींनी ओढणी न सोडता तीनदा परत परत उघडून बघितला. या एका चाचणीत फरक एवढा मोठा आहे की वजन द्यायला पाहिजे. पण ती सेटिंग आपणहून कुणाला सापडली असती? मलाच एक दिवस लागला.

अँड्रॉइडसाठी उपाय: तेच बोट दोनदा नोंदवलं, एकदा स्वच्छ आणि एकदा काम करून आल्यावरचं. दहापैकी सहावर आलं. बरं आहे पण पुरेसं नाही.

७ एप्रिल, सोमवार

मागे जाणे. वाटलं होतं अर्ध्या तासात उरकेल, दोन दिवस याच्यातच गेले.

मामा सौद्याच्या वेळी डाव्या हातात हळकुंडाचा नमुना धरतात, फोन उजव्या हातात, म्हणजे सगळं काम एका उजव्या अंगठ्याचं. माझ्या अँड्रॉइडवर खाली तीन बटणं ठेवली आहेत, त्रिकोण, गोल, चौकोन. त्रिकोण दाबला की मागे, कुठल्याही ॲपमध्ये. मामांना हे काही सांगावंच लागलं नाही. आयफोनवर मागे जायला वर डाव्या कोपऱ्यातला बाण नाहीतर डाव्या कडेवरून बोट आत ओढायचं. उजव्या अंगठ्यासाठी स्क्रीनवरची सगळ्यात लांबची जागा म्हणजे वरचा डावा कोपरा! फिट्सचा नियम १९५४ चा आहे, लक्ष्य जेवढं लांब आणि जेवढं लहान तेवढा वेळ जास्त, आणि तो मला परीक्षेत पाच मार्काला होता, आज डोळ्यासमोर बघितला. मामांनी दोनदा नमुना खाली ठेवला आणि दुसऱ्या हातानं बाण दाबला. तिसऱ्यांदा फोनच दिवाणजींकडं दिला, "धरा हे, मला लिलाव ऐकू दे."

बटण किती मोठं असावं याचे नियम दोघांचेही आहेत, ॲपल ४४ पॉइंट सांगतं आणि अँड्रॉइड ४८ डीपी (दोन्ही स्क्रीनवरची मापं), म्हणजे आकारात भांडण नाहीच, भांडण जागेचं आहे. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, तिथं बटणं काढून नुसतं कडेवरून ओढायची पण सोय आहे, आणि ती दोन्ही कडांवरून चालते. उजव्या हातात धरला तर उजव्या कडेवरून. मामांना हे पण लावून दिलं, चाललं, पण ते परत त्रिकोणावर आले. दिसतंय ते बरं, म्हणाले.

८ एप्रिल, मंगळवार

कालच्या नोंदीला एक मोठी दुरुस्ती. दिवाणजींचा स्वतःचा फोन पण अँड्रॉइडच आहे, वेगळ्या कंपनीचा, आणि त्यांच्याकडं मागे जायचं बटण उजवीकडं आहे, माझ्याकडं डावीकडं. त्यांनी माझा फोन घेतला आणि मागे जायचं म्हणून दर वेळी चौकोन दाबत होते, सगळी ॲप्स पत्त्यासारखी पसरायची. म्हणजे मी जे "अँड्रॉइड" असं लिहितेय ते खरं तर माझा एक फोन आहे. आयओएस एकच, अँड्रॉइड घरोघरी वेगळं. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या शीर्षक बदलू नकोस पण मर्यादांमध्ये हे पहिलं लिही, आणि मला वाटतं ते मर्यादांमध्ये नाही तर निष्कर्षांतच यायला पाहिजे. बघू.

१० एप्रिल, गुरुवार

फोन उचलणे. आयफोन लॉक असताना कॉल आला तर सरकवून उचलायचा, चालू असताना आला तर बटण दाबायचं. एकच काम, दोन पद्धती. मामींनी विचारलं, "आत्ता दाबलं तर घेतला, मगाशी का न्हाई घेतला?" मी समजावलं की खिशात चुकून उचलला जाऊ नये म्हणून सरकवायचं ठेवलंय. कारण पटलं त्यांना. तरी पुढचे दोन कॉल गेले.

दोन सिमचं पण आज कळलं. मामांची दोन नंबरं आहेत, एक शेतकऱ्यांसाठी, एक व्यापाऱ्यांसाठी, दोन्ही सिम कार्डं. आयफोन १३ मध्ये एक कार्ड आणि दुसरं ईसिम (कार्डाशिवायचं, फोनातच असलेलं सिम), कार्ड दोन बसत नाहीत. म्हणजे आठवडाभर आयफोन द्यायचा बेत होता त्यात फक्त शेतकऱ्यांचा नंबर चालणार. यार्डात दोन सिम नसलेला अडत्या मला अजून भेटला नाही.

१२ एप्रिल, शनिवार

पैसे पाठवायची चाचणी, पूर्ण वाया. आज यूपीआयच देशभर अडकलं होतं. सुरुवातीला मला वाटलं आयफोनवरचं ॲप बिघडलंय, मग अँड्रॉइडवर पण तेच, मग बाहेर आले तर चहाच्या गाड्यापाशी सगळे फोन हातात धरून उभे. मामींनी मात्र वहीत आयफोनपुढं फुली मारली होती, कारण तो पहिला अडकला. ती फुली मी खोडली. पण विचार आला की रोज असंच होत असणार, ॲप अडकतं, बँक अडकते, रेंज जाते आणि माणूस म्हणतो फोन खराब आहे.

(सोमवारची भर) आज परत घेतली, दोन्हीकडं सारखंच सोपं. स्कॅन, रक्कम, पिन, झालं. इथं फोनचा काही संबंधच नाही, सगळं ॲपच्या हातात आहे, यावर जास्त लिहीत नाही.

१६ एप्रिल, बुधवार

तात्या. साठीच्या पुढचे, अजून पोती उचलतात. त्यांच्याकडं बटणांचा फोरजी फोन, कायओएस नावाच्या सिस्टिमवर चालणारा. हा प्रकल्पात मुळात नव्हता, मी त्यांना दोन्ही टच फोनांवर बसवणार होते. पण त्यांनी आयफोन हातात घेतला, उलटा सुलटा बघितला आणि माझ्या हातात परत दिला. "ह्याला धरायचं कुठं पोरी? जिकडं धरावं तिकडं काय न काय चालू हुतंय."

मग मी त्यांच्याच फोनवर चाचणी घेतली. कॉल उचलणे: खिशातून काढता काढता, न बघता, अंगठ्यानं हिरवं बटण. मागे जाणे: लाल बटण, कुठंही असा, दाबलं की सगळं बंद आणि पहिल्या स्क्रीनवर. घामानं ओला हात, हळदीचा हात, काही फरक नाही. पाच जणांच्या सगळ्या चाचण्यांत न चुकता झालेलं काम हे एकच. २०१७ ला हे फोन इकडं आले तेव्हा मी शाळेत होते आणि आम्ही हसायचो त्या फोनांना. कायओएस निघाली फायरफॉक्स ओएसमधून, आणि फायरफॉक्सवाला फोन २०१४ मध्ये आपल्याकडं १९९९ रुपयांना आला होता, फार चालला नाही, पण त्याचंच बियाणं तात्यांच्या खिशात आहे. विंडोज फोन तर पूर्ण संपले. दोघांतच शर्यत आहे असं आपण धरून चालतो ते अलीकडचं आहे.

पैशाचं विचारलं. मार्च २०२२ पासून साध्या फोनवरून पण यूपीआय करता येतं, १२३पे म्हणून, नंबर लावायचा आणि सांगेल तसं आकडे दाबायचे. तात्यांना माहीत होतं. करत नाहीत. "पैशाचं पोरगं बघतंय." हे वाक्य मी अधोरेखित करून ठेवलंय.

१९ एप्रिल, शनिवार

मराठी लिहिणे. मामींना बचत गटाच्या ग्रुपवर मेसेज लिहायचा होता, शब्द मुद्दाम असे दिले की ज्यात ळ, ऱ्य आणि ॲ येईल: हळद, ऱ्हास, सुऱ्या, बॅलन्स, ॲडव्हान्स. हिंदीच्या कीबोर्डावर मराठी लिहायला गेलं की इथंच घोळ होतो, "सुऱ्या" चं "सूर्या" होतं आणि सगळे त्याला चालवून घेतात. मला नाही चालत.

आयओएस १८ मध्ये अक्षरं वर्णमालेच्या क्रमानं लावलेला कीबोर्ड आलाय, क ख ग घ, मामींना तो लगेच जमला कारण शाळेत तसंच पाठ केलेलं. अँड्रॉइडवर जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कीबोर्ड, एक अक्षर दाबलं की वरच्या ओळीत त्याचीच बाराखडी येते, का कि की कु. हे पण आवडलं. वेळ जवळपास सारखाच लागला. पण तिसरा शब्द झाल्यावर मामींनी माइकचं बटण दाबलं आणि बोलून टाकलं, मराठीत बोलून लिहायची सोय गूगलनं २०१७ ला आणली तेव्हापासून वापरतात म्हणे. यार्डातल्या गोंगाटात "बेदाणा" चं "बेधडक" झालं. मामींनी ते खोडलं आणि सरळ व्हॉइस मेसेज पाठवला. काम झालं, वेळ नऊ सेकंद. टायपिंगच्या रकान्यात काय लिहू आता?

२३ एप्रिल, बुधवार

हिशेबपट्टीचा फोटो. दिवाणजींनी आयफोनवर पट्टीचे फोटो काढले, झेरॉक्सच्या दुकानात केबल लावून प्रिंट काढायला गेले, तिथल्या कॉम्प्युटरवर फाइलच उघडेना. आयफोन २०१७ पासून फोटो एचईआयसी नावाच्या प्रकारात ठेवतो, जागा कमी लागते पण जुन्या कॉम्प्युटरला तो प्रकार कळत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये सगळीकडं चालणारा प्रकार निवडला की मिटतं. व्हॉट्सॲपवरून पाठवला असता तर आपोआप जेपीजी झाला असता. दिवाणजी शेतकऱ्याला थांबवून गेले होते, तो माणूस पाऊण तास उन्हात बसला. हे वेळेच्या रकान्यात मी पंचेचाळीस मिनिटं असंच लिहिलंय.

२५ एप्रिल, शुक्रवार

ऊन. पत्र्याखाली दोन्ही फोन तापले, दोन्हींचा उजेड आपोआप कमी झाला. आयफोनला शून्य ते ३५ अंशांत वापरा असं कंपनीच सांगते, आमच्या पत्र्याखाली ते दुपारी कुठलं जमायला. चार्जरचं: दुकानात एकच टाइप सी वायर लोंबकळते, सगळ्यांना तीच, आयफोन १३ ला ती लागत नाही, १५ पासून पुढच्यांना लागली असती.

२८ एप्रिल, सोमवार

प्रश्नावली. एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) म्हणतात तिला, जॉन ब्रुकनं १९८६ मध्ये केलेली, दहा वाक्यं, प्रत्येकाला एक ते पाच, शेवटी शंभरातला आकडा निघतो आणि ६८ ला सरासरी धरतात. एक वाक्य चांगलं, एक वाईट असा क्रम असतो. मी मराठी करून घेतलं.

मामींनी सगळ्याला पाच दिले. दोन्ही फोनांना. "तुझा प्रोजेक्ट हाय, कमी कशाला देऊ?" आणि या प्रश्नावलीत सगळ्याला पाच दिले की उत्तर बरोब्बर ५० येतं, कारण वाईट वाक्यांना दिलेले पाच शून्य होतात. म्हणजे जिनं सगळ्यात जास्त प्रेमानं फोन वापरला तिचा निकाल सरासरीच्या खाली.

मग फॉर्म बाजूला ठेवून मी नुसतं बोलत बसले. चौथं वाक्य असं आहे की हे वापरायला मला जाणकार माणसाची मदत लागेल. ते वाचून दाखवलं तर पाचही जणांनी वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं. मामी: "तू हाईस की." मामा: "दिवाणजी बघतात." दिवाणजी: मुलगी. मावशी: शेजारचा पोरगा. तात्या तर आधीच बोलले होते. ब्रुकच्या हिशेबात मदत लागणं म्हणजे मार्क कमी, आणि इथं कुणालाच तो दोष वाटत नाही. फोन घेताना ते तेच बघतात की शेजारी ज्याला विचारायचं त्याच्याकडं कुठला आहे. यार्डात विचारायला गेलं तर शंभरात नव्वदच्या वर अँड्रॉइड, मग अँड्रॉइडच सोपा, कारण कुणालाही विचारता येतं. मावशींना आयफोन ओढणीसकट उघडला तो फार आवडला पण त्यांनी लगेच विचारलं, "बंद पडला तर दाखवायचा कुणाला?"

प्रश्नावलीचे आकडे परिशिष्टात टाकणार, मुख्य भागात ही बोलणी, शब्दाला शब्द.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. मामांचा आयफोनचा आठवडा काल संपला. मी विचारायच्या आधीच त्यांनी सिम काढून स्वतःच्या फोनात घातलं होतं. वाईट काही बोलले नाहीत, आवाज स्वच्छ येतो आणि मधेच अडकत नाही म्हणाले, पण व्यापाऱ्यांचा नंबर आठवडाभर जुन्या फोनवर दिवाणजींकडं होता आणि दोन सौद्यांची बोलणी त्यांच्या मार्फत करावी लागली. यापुढं त्यांना काही विचारलं नाही.

३ मे, शनिवार

मॅडमना कच्चा अहवाल दाखवला. त्यांचा पहिला प्रश्न, "मग सोपा कुठला?" मी तक्ता उलटा करून दाखवला. आधी रकाने फोनांचे होते, आता ओळी माणसांच्या आहेत. मावशी: कामावर आयफोन, बाकी सगळ्याला अँड्रॉइड. मामा: अँड्रॉइड, दोन सिम आणि त्रिकोणासाठी. दिवाणजी: स्वतःचाच, बटण उजवीकडं असलेला. तात्या: लाल हिरवं बटण. मामी: भाषा आणि अंक मराठी असतील तो, कुठलाही. मॅडम बराच वेळ वाचत होत्या, मग म्हणाल्या पॉलिश युनिटचा भाग दुप्पट कर, आणि मावशींची परवानगी लेखी घे.

संध्याकाळी मावशींकडं गेले. कागद वाचून दाखवला, सही करायची म्हटल्यावर त्यांनी पेन घेतलं आणि सावकाश पूर्ण नाव लिहिलं, कागदाच्या कडेला पिवळी बोटं उठली. तो कागद तसाच जोडणार आहे. आयफोन उद्या मावसभावाला परत. मामींच्या स्वतःच्या फोनावर भाषा मराठी करून दिली, मराठी आकड्यांत ७:२० वाजले होते.